चिनी उपचार, कण्याचा दाहक संधिवात आणि चार दिवसांत गेलेला ताठरपणा

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातून एका वडिलांनी विचारले आहे: त्यांच्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे कण्याचा दाहक संधिवात, असल्याचे दोन वर्षांपूर्वी निदान झाले. तो दर पंधरा दिवसांनी अडालिमुमॅब या, प्रतिकारशक्ती दाबून दाह रोखणाऱ्या औषधाचे इंजेक्शन घेत होता. लातूरकडच्या एका चिनी औषधोपचार करणाऱ्या गृहस्थांनी आठवड्यातून तीनदा सुया, पाठीवर धुरी आणि काळ्या गोळ्यांची पुडी सुरू केली व इंजेक्शन बंद करण्यास सांगितले. गोळ्या सुरू होऊन पाच आठवडे झाले आहेत आणि दोन इंजेक्शने चुकली आहेत. चौथ्या दिवसापासूनच सकाळचा ताठरपणा गेला. मुलाचे लग्न ठरले आहे. चिनी औषधाने हा आजार मुळापासून जातो का, आणि हा उपचार पुढे चालू ठेवावा का, असा त्यांचा प्रश्न आहे.

आपल्या पत्रातील आनंद मला समजतो. दोन वर्षे ज्या मुलाला पहाटे चार वाजता कूस बदलता येत नव्हती, तो उठून गोठ्यापर्यंत चालत गेला हे पाहिल्यावर कोणत्याही बापाला हायसे वाटेल. तरीही माझी चिंता त्या ‘चौथ्या दिवसा’पाशीच येऊन थांबते. मी चोवीस वर्षे छत्रपती संभाजीनगरमध्ये संधिवाताचे रुग्ण तपासतो आहे, आणि चिनी वैद्यकाविषयी माझ्या मनात तुच्छता नाही. या आजारात त्या वैद्यकातील काही गोष्टी मी स्वतः रुग्णांना करू देतो. चिनी वैद्यक म्हणजे काय आणि आपल्या मुलाला पुडीतून मिळाले ते काय, यातील अंतर आपल्याला स्पष्ट दिसावे यासाठी मी थोडे विस्ताराने लिहितो.

आधी आजाराविषयी थोडे. कण्याच्या खालच्या टोकाशी, माकडहाडाच्या वर, कंबरेच्या दोन्ही बाजूंना सॅक्रोइलियाक नावाचे सांधे असतात. शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकीने तिथे आणि कण्याला स्नायुबंध जिथे चिकटतात त्या जागी दाह सुरू करते. हा दाह वर्षानुवर्षे राहिला की त्या जागी नवे हाड तयार होऊ लागते, आणि मणके एकमेकांना जुळून कणा बांबूसारखा एकसंध होतो. तरुण वयात सुरू होणारी, तीन महिन्यांहून अधिक टिकणारी, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी ही त्याची खूण. आपल्याकडे अशा मुलांना ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली आहे’ असे सांगून चार-पाच वर्षे पट्टा बांधायला लावतात, आणि माझ्याकडे येईपर्यंत अनेकांच्या कंबरेवर व टाचेवर बिब्ब्याच्या चटक्यांचे डाग उमटलेले असतात. एचएलए-बी२७ या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच हा झिजेचा किंवा ओझे उचलल्याचा आजार नाही, हे नीट कळू लागले.

या आजारात दुखणे आणि दाह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे एक सूत्र कृपया धरून ठेवावे. दुखणे रुग्णाला कळते. दाह रक्तातील सीआरपी या दाहदर्शक प्रथिनावरून, एमआरआयवरून, डोळ्याच्या लालीवरून आणि वर्षागणिक कमी होत जाणाऱ्या पाठीच्या वाकण्यावरून कळतो. दुखणे थांबवून दाहाला हात न लावणारे उपचार पुष्कळ आहेत. म्हणून कोणताही उपचार समोर आला, मग तो चिनी असो, आयुर्वेदिक असो की माझा असो, त्याने दुखणे किती कमी केले यासोबत त्याने कण्याचे आणि डोळ्याचे काय केले हेही विचारले पाहिजे.

चिनी वैद्यकाने हा आजार ओळखलाच नव्हता, असे नाही. ‘ह्वांगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात ‘बी’ या नावाने सांधे-स्नायूंच्या विकारांचे वर्णन येते. ‘बी’ म्हणजे अडथळा. वारा, थंडी आणि ओलावा शरीरात शिरून प्रवाह अडवतात अशी ती कल्पना. त्यातच मूत्रपिंडाच्या ‘बी’चे वर्णन करताना म्हटले आहे की रुग्णाचे माकडहाड टाचेचे काम करू लागते आणि पाठीचा कणा डोक्याच्या जागी येतो. पुढे पूर्ण वाकलेला, बसूनच सरकणारा, मान छातीत गेलेला रुग्ण ज्याने पाहिला आहे, त्याला हे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. जुन्या काळी उपचार न मिळालेले असे दोन वृद्ध मी परभणीकडे पाहिले आहेत. त्या वैद्यकाच्या मते हाडे मूत्रपिंडाच्या अधीन असतात, आणि पाठीच्या मध्यरेषेतून ‘दू’ नावाची मुख्य वाहिनी जाते. मूत्रपिंडाची ऊब कमी झाली आणि या वाहिनीत थंडी-ओलावा शिरला की कणा ताठरतो. म्हणून उपचार ऊब देणारे, ‘दू’ वाहिनी मोकळी करणारे आणि बळ देणारे. ही मांडणी आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाही, परंतु तिच्यातून निघालेल्या उपचारांची परीक्षा स्वतंत्रपणे करता येते, आणि ती चीनमध्येही केली जाते.

सुयांपासून सुरुवात करतो. ॲक्युपंक्चरचे नाव निघाले की आपल्याकडे लगेच सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव घेतले जाते. वास्तविक १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांचे काम युद्धातील शस्त्रक्रियेचे होते. ॲक्युपंक्चर भारतात आणले ते त्याच पथकातील डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि कोलकात्यात तिची सुरुवात केली. आज महाराष्ट्रात या पद्धतीसाठी स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे सुया टोचणाऱ्या व्यक्तीची नोंदणी विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. त्या गृहस्थांना तो प्रश्न विनासंकोच विचारावा.

सुयांनी काय साधते? दीर्घकाळच्या साध्या कंबरदुखीत काही रुग्णांना बऱ्यापैकी आराम मिळतो, याला आधार आहे. कण्याच्या दाहक संधिवातात मात्र ज्या चाचण्या झाल्या, त्या बहुतेक लहान, काही आठवड्यांच्या आणि अशा पद्धतीने केलेल्या आहेत की रुग्णाला कोणता उपचार मिळतो आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यांतून वेदना आणि ताठरपणा काहीसा कमी झाल्याचे दिसते. मणके जुळणे सुयांमुळे थांबते, असे एकाही भरवशाच्या चाचणीने दाखवलेले नाही. म्हणून माझे रुग्ण मुख्य औषध चालू ठेवून सुया घेणार असतील तर मी अडवत नाही. फक्त तीन गोष्टी पाहाव्या लागतात: प्रत्येक वेळी नवीन, पाकिटबंद, एकदाच वापरायची सुई असली पाहिजे, पाठीच्या वरच्या भागात आणि छातीवर सुई खोल जाता कामा नये, कारण फुप्फुसाला छिद्र पडल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत, आणि रुग्ण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असेल तर टोचलेल्या जागेच्या लालीकडे आणि तापाकडे दुर्लक्ष करू नये.

पाठीवरची धुरी म्हणून आपण जे लिहिले आहे, तो बहुधा मॉक्सा असावा. दवण्याच्या कुळातील एका वनस्पतीची वाळवलेली पाने कुटून त्यांची लोकरीसारखी रुई करतात आणि ती पेटवून त्वचेजवळ धरतात. कण्याच्या आजारासाठी चीनमध्ये याचा एक मोठा प्रकार करतात: रुग्णाला पालथे झोपवून मानेपासून माकडहाडापर्यंत पाठीवर किसलेल्या आल्याचा जाड थर देतात आणि त्यावर मॉक्साची लांब वात ठेवून एकामागून एक जाळतात. उन्हाळ्यातील सर्वांत उष्ण दिवस त्यासाठी निवडण्याची प्रथा आहे. काही पद्धतींत नंतर फोड यावेत अशीच अपेक्षा असते. ऊब मिळाल्याने आखडलेले स्नायू सैल होतात, हे आपल्या घरातील विटेचा शेक घेणाऱ्या कोणत्याही आजीला ठाऊक आहे. सौम्य उबेला माझी हरकत नाही, परंतु फोड आणणाऱ्या प्रकाराला आहे. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसाच्या पाठीवर भाजल्याची जखम म्हणजे जंतूंना उघडलेले दार होय. बिब्ब्याच्या चटक्याला मी जे कारण देऊन नाही म्हणतो, त्याच कारणासाठी यालाही नाही म्हणतो.

‘तुइना’ या चिनी मर्दनाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो, कारण हे उपचार करणारे बहुधा तेही सुचवतात. हलके चोळणे चालेल. मात्र मान झटक्याने फिरवणे, पाठीवर गुडघा ठेवून मणका ‘बसवणे’, कडकड आवाज काढणे हे या आजारात कोणाकडूनही करून घेऊ नये. ना चिनी उपचारकाकडून, ना हाडवैद्याकडून, ना केस कापल्यावर मान मोडून देणाऱ्या कारागिराकडून. जुळलेला कणा खडूसारखा मोडतो, आणि मानेत मोडला तर हातपाय लुळे पडू शकतात.

आता वनौषधींकडे येतो. खरा लाभ आणि खरा धोका, दोन्ही येथेच आहेत. या आजारात वारंवार दिला जाणारा जुना काढा म्हणजे ‘दूह्वो जिशेंग थांग’. तो थांग राजवटीतील, म्हणजे सातव्या शतकातील, सुन स्सुम्याव या वैद्याच्या नावाने ओळखला जातो आणि त्यात पंधरा घटक असतात. त्यांपैकी काही आपल्याला अनोळखी नाहीत: ज्येष्ठमध आहे, दालचिनीची साल आहे, आपल्या आघाड्याचा एक चिनी भाऊबंद आहे, आणि तुतीवर वाढणारे बांडगूळही आहे. बीड-जालन्याकडे रेशीमकिड्यांसाठी तुती लावणारा शेतकरी तुतीवर बांडगूळ दिसले की ते तोडून टाकील. तिकडे ते कंबरेच्या औषधात पडते. हा काढा सौम्य मानला जातो, पण त्यात ‘शीशिन’ नावाची एक वनस्पती असते. ती ज्या कुळातली आहे, त्याच कुळात आपली ईश्वरी म्हणजे सापसंद येते, आणि या कुळातील वनस्पतींत ॲरिस्टोलोकिक आम्ल सापडते.

या आम्लाची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेतलेल्या तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी होऊ लागली. कारण शोधता शोधता कळले की ‘फांगजी’ या नावाखाली दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात; एक तुलनेने निरुपद्रवी आणि दुसरी ॲरिस्टोलोकियाची. नावातील साम्यामुळे पुडीत दुसरी आली. शंभरहून अधिक स्त्रिया बाधित झाल्या आणि त्यांपैकी अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. कोणीही मुद्दाम विष घातले नव्हते. केवळ वनस्पतीची ओळख तपासली गेली नव्हती. जी पुडी कोणत्या वनस्पतींची आहे हे देणाऱ्यालाच सांगता येत नाही, तिच्याविषयी मी एवढा हट्ट का धरतो, ते यावरून आपल्या ध्यानात येईल.

चिनी औषधांपैकी दाहावर सर्वांत बलवान म्हणून जिचे नाव घेतले जाते ती ‘लेइ गोंग थेंग’, म्हणजे मेघगर्जनेच्या देवाची वेल. शास्त्रीय नाव ट्रिप्टेरिजियम विल्फोर्डाय. तिच्या मुळाचा आतला भाग औषधात वापरतात; साल, पाने आणि फुले विषारी आहेत. ही वेल खोटी नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चिनी चाचणीत आमवाताचे, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे, २०७ रुग्ण घेतले होते. चोवीस आठवड्यांनंतर पन्नास टक्के सुधारणेचा निकष मेथोट्रेक्सेटवरील सुमारे ४६ टक्के, वेलीवरील सुमारे ५५ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्या सुमारे ७७ टक्के रुग्णांनी गाठला. हे आकडे मी मुद्दाम देतो आहे, कारण चिनी औषधात काहीच नाही असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र ती चाचणी हातापायांच्या सांध्यांच्या आमवाताची होती. मेथोट्रेक्सेट हे आमवातातील उत्तम औषध कण्याच्या दाहावर जवळजवळ निरुपयोगी ठरते, हे लक्षात घेतले तर एका आजाराचा निष्कर्ष दुसऱ्याला लावणे किती धोक्याचे आहे ते समजते.

आणि आता आपल्या घरासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ही वेल पुरुषांत शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल कमी करते. स्त्रियांत पाळी बंद पाडते, आणि ती काही वेळा कायमची बंद होते. यकृत, मूत्रपिंड आणि अस्थिमज्जा यांनाही तिच्यापासून धोका असतो. ज्यांना पुढे मूल हवे आहे त्यांना, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ती देऊ नये, असे तिच्या चिनी औषधी गोळ्यांच्या माहितीपत्रकातच सांगितलेले असते. आपल्या मुलाचे लग्न ठरले आहे. इंजेक्शनमुळे पुढे मूलबाळ होण्यास अडचण येईल, ही भीतीही आपल्या पत्रात आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे: अडालिमुमॅब घेणाऱ्या पुरुषाला पिता होण्यास त्या औषधामुळे मनाई केली जात नाही, आणि ज्या वेलीला नैसर्गिक म्हणून निर्धोक समजले जाते तीच येथे आड येऊ शकते. पुडीत ही वेल आहे की नाही हे मला माहीत नाही, आणि आपल्यालाही नाही. माझी अडचण तीच आहे. होणाऱ्या मुलाला आजार लागेल का, हा प्रश्न सोयरिकीच्या बोलण्यात निघतोच, म्हणून सांगतो: वडिलांकडून एचएलए-बी२७ हे जनुक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी असते आणि जनुक मिळालेल्यांपैकी बहुतेकांना आजार कधीच होत नाही.

याशिवाय आणखी काही औषधांचा उल्लेख करतो. ‘छिंगफेंगथेंग’ या वेलीपासून काढलेले सिनोमेनीन चीनमध्ये गोळी आणि इंजेक्शनच्या रूपात संधिवातात वापरले जाते. ती वेल आपल्या गुळवेलीच्याच कुळातली आहे. तिने अंगाला खाज व पुरळ येऊ शकते. पांढऱ्या पिओनी फुलझाडाच्या मुळाचे कॅप्सूलही देतात. ते तुलनेने सौम्य असून मुख्य तक्रार पातळ शौचाची असते. ‘फूत्झ’ किंवा ‘चुआनवू’ हे आपल्या बचनागाच्या जातीचे कंद आहेत. ते तासन्‌तास शिजवूनच वापरायचे असतात. कच्चे राहिले तर ओठ व जीभ बधिर होते, आणि हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावू शकतो. बचनागाची शुद्धी केल्याशिवाय आपले वैद्यही तो वापरत नाहीत.

आता त्या चौथ्या दिवसाकडे येऊ. वर सांगितलेली कोणतीही खरी वनस्पती चार दिवसांत दाहक ताठरपणा घालवीत नाही. मेघगर्जनेच्या वेलीलासुद्धा परिणाम दाखवायला काही आठवडे ते महिने लागतात. चार दिवसांत, तेही इंजेक्शन बंद केलेले असताना, असा फरक पडतो तो दोनच गोष्टींनी: तीव्र वेदनाशामकाने किंवा स्टिरॉइडने. पारंपरिक म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत ही औषधे मिसळलेली सापडल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे परभणी जिल्ह्यातून एक तरुण आला होता. अशाच काळ्या गोळ्यांवर त्याने सात महिने काढले होते. चेहरा भाकरीसारखा गोल झालेला, पोटावर जांभळे पट्टे, रक्तातील साखर वाढलेली. आणि तरी तो औषध देणाऱ्याला दुवा देत होता, कारण कंबर दुखत नव्हती. एमआरआयमध्ये दाह होता तिथेच होता. त्याच्या आईने घाबरून गोळ्या एकदम बंद केल्या, तेव्हा तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब कोसळला आणि अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचे स्टिरॉइड बनवणे थांबवतात, आणि गोळी अचानक थांबली तर शरीराकडे काहीच उरत नाही.

म्हणून आपल्याला माझी पहिली विनंती आहे की हे उत्तर वाचून पुडी रागाने उकिरड्यावर टाकू नये. पाच आठवडे हा काळ ग्रंथी झोपी जाण्यास पुरेसा आहे. या एक-दोन दिवसांतच मुलाला घेऊन संधिवाततज्ज्ञाकडे, ते जमत नसेल तर जवळच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जावे आणि गोळ्या सोबत न्याव्यात. ते सकाळी कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीर स्वतः बनवते त्या स्टिरॉइडची, तपासणी करून, गरज वाटल्यास ज्ञात मात्रेचे स्टिरॉइड देऊन हळूहळू कमी करतील. सोबत यकृत, मूत्रपिंड, रक्तपेशी, साखर, पोटॅशियम, सीआरपी या तपासण्या आणि रक्तदाबाची नोंद व्हावी. एरवी या आजारात स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ देऊ नयेत असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. येथे त्या द्याव्या लागल्या तर केवळ सुरक्षितपणे बाहेर पडण्यासाठी असतील. दरम्यान उलट्या, अतिशय थकवा, चक्कर, ताप किंवा पोटात तीव्र दुखणे यांपैकी काहीही दिसले तर रात्र असो की पहाट, मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि ‘अज्ञात गोळ्या पाच आठवडे चालू आहेत’ हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

दुसरी गोष्ट, चुकलेली इंजेक्शने. ती पुन्हा सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी नव्याने करून घ्यावी. आपल्या भागात दबलेला क्षय घेऊन वावरणारी माणसे पुष्कळ आहेत, अडालिमुमॅबसारखे टीएनएफ-विरोधी, म्हणजे दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला अडवणारे, औषध तो जागा करू शकते, आणि पुडीत स्टिरॉइड असेल तर त्याने आधीच भर घातलेली असेल. खोकला, रात्रीचा घाम, वजन घटणे याबाबत मुलाला स्पष्ट विचारावे.

मुळापासून जातो का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चिनी औषधाने जात नाही आणि माझ्याही औषधाने जात नाही. मात्र दाह वर्षानुवर्षे शांत ठेवता येतो, आणि टीएनएफ-विरोधी औषधे दीर्घकाळ घेतलेल्या रुग्णांत कणा जुळण्याचा वेग मंदावतो असे दीर्घ निरीक्षणांतून दिसते. आपल्याला कदाचित आश्चर्य वाटेल, पण चीनमधील संधिवाततज्ज्ञ हीच इंजेक्शने वापरतात. चीनने एटानरसेप्ट या टीएनएफ-विरोधी औषधाची स्वतःची आवृत्ती २००५ मध्येच बाजारात आणली. तिकडच्या मोठ्या रुग्णालयात अशा तरुणाला वेदनाशामक किंवा इंजेक्शनसोबत काढा आणि सुया मिळतील, काढ्यातील प्रत्येक घटकाचे नाव व वजन चिठ्ठीवर लिहिलेले असेल आणि यकृताची तपासणी ठरावीक अंतराने होत राहील. इंजेक्शन बंद करून बिननावाची पुडी देणे ही चिनी वैद्यकाची रीत नव्हे. त्या गृहस्थांना एकच विचारावे: घटकांची यादी, उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक असलेली मूळ बाटली दाखवता येईल का?

खर्चाचा मुद्दा आपण शेवटी, संकोचाने लिहिला आहे. तो संकोच करण्यासारखा नाही. दोन हंगाम पावसाने दगा दिल्यावर दर पंधरा दिवसांचे इंजेक्शन किती जड जाते हे मी रोज पाहतो, आणि अनेक घरे पुडीकडे वळतात ती अंधश्रद्धेपेक्षा याच कारणाने. भारतात २०१४ पासून अडालिमुमॅबची देशी आवृत्ती उपलब्ध आहे. आपले डॉक्टर कोणती देतात ते विचारावे. सहा महिने ते वर्षभर दाह पूर्ण शांत राहिला तर दोन इंजेक्शनांमधील अंतर टप्प्याटप्प्याने वाढवता येते, आणि पुष्कळांना ते चालते. काहींचे नियमित वेदनाशामकावर भागते. टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांचाही पर्याय आहे. त्यांची देशी आवृत्ती स्वस्त पडते, मात्र क्षय व नागीण यांचा धोका तिथेही पाहावा लागतो. पैशाअभावी इंजेक्शन थांबणार असेल तर ते न सांगता थांबवण्याऐवजी डॉक्टरांना तसे सरळ सांगावे. मला असे सांगणाऱ्या रुग्णाचा राग कधी आलेला नाही; न सांगणाऱ्याची काळजी मात्र वाटते.

चिनी परंपरेतील एक गोष्ट मी मनापासून सुचवतो, आणि ती विकत घ्यावी लागत नाही. ‘पातुआनजिन’ नावाचा आठ संथ हालचालींचा व्यायामप्रकार आणि ताय-ची यांत कणा सरळ ठेवून हात वर ताणणे, धड हळू वळवणे आणि खोल श्वास घेणे असते. या आजारात नेमके हेच हवे असते, कारण बरगड्यांचे सांधे आखडले की छाती फुगणे कमी होते. ते शिकवणारा जवळ नसेल तर आपल्या पद्धतीने तेच साधावे: रोज पंधरा मिनिटे पालथे पडणे, पातळ उशी घेणे, आणि विहिरीला पाणी असेल तेव्हा पोहणे. उडी मात्र मारू नये, पायऱ्यांनी उतरावे. मुलगा विडी-सिगारेट ओढत असेल तर ती सोडलीच पाहिजे, धूम्रपानाने कणा लवकर जुळतो.

महिन्यातून एकदा त्याला भिंतीला टाचा, ढुंगण आणि पाठ टेकवून उभे करावे, हनुवटी सरळ ठेवावी आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला टेकतो का ते पाहावे. टेकत नसेल तर मधले अंतर पट्टीने मोजून वहीत तारखेसह लिहावे. दुखणे शून्य असूनही हे अंतर वाढत असेल, तर उपचार कोणाचाही असो, तो पुरा पडत नाही असे समजावे. आणि डोळा लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर ‘डोळे आले’ म्हणून दुकानातून थेंब आणू नयेत. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावे आणि कण्याच्या आजाराचे नाव सांगावे.

लग्नाची तारीख आपण लिहिलेली नाही. ती महिन्या-दोन महिन्यांवर असेल तर पुढे ढकलण्याची गरज मला दिसत नाही. तपासण्यांत शुक्रजंतूंची तपासणीही करून घ्यावी, म्हणजे पुडीने काही केले असल्यास ते आताच कळेल. मुलीकडच्या मंडळींना आजाराचे खरे नाव सांगावे. हवे असल्यास त्यांना माझ्याकडे किंवा आपल्या डॉक्टरांकडे सोबत आणावे, त्यांच्या शंकांना उत्तर देण्यास कोणताही संधिवाततज्ज्ञ तयार असेल. येताना जुना एमआरआय, इंजेक्शनांची तारखांची चिठ्ठी आणि त्या काळ्या गोळ्यांपैकी उरलेल्या सर्व गोळ्या, ज्या कागदात बांधून दिल्या त्याच कागदासह, आणाव्यात.